खडकांचे अंतरंग आणि न्यूट्रॉन

भूगर्भातील खडक प्रत्यक्ष पाहणे अत्यंत कठीण असल्याने भूकंपलहरींच्या वेगावरूनच त्यांच्याविषयी बहुतांशी अनुमान बांधावे लागते. रशियाच्या कोला द्वीपकल्पात १९७० मध्ये सुरू झालेले छिद्र १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर खोल गेले. त्यातून खोलवरचे खडक हाती आले खरे. पण वर येताना त्यांच्यावरील प्रचंड दाब नाहीसा झाला व त्यांत सूक्ष्म भेगा पडल्या. भेगाळलेल्या खडकात लहरींचा वेग मंदावतो. मग भूगर्भातील मूळ वेग कसा कळावा?

याचे उत्तर खडकाच्या पोतात सापडते. दाबाखाली व उष्णतेत खडकाचा आकार बदलताना त्यातील असंख्य स्फटिक विशिष्ट दिशेला वळतात. स्फटिकांच्या या दिशारचनेस पोत म्हणतात. लहरींचा वेग स्फटिकाच्या दिशेनुसार बदलतो. ऑलिव्हीन या खनिजात तो एका अक्षाच्या दिशेने सेकंदाला सुमारे ९.९ किलोमीटर, तर दुसऱ्या अक्षाच्या दिशेने सुमारे ७.७ किलोमीटर असतो. भेगा पडल्या तरी पोत मात्र बहुतांशी तसाच राहतो.

हा पोत मोजण्यास नेहमीचे क्ष-किरण अपुरे पडतात. ते खडकाच्या पृष्ठभागाजवळच शोषले जातात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने तो काही सेंटिमीटर जाडीच्या नमुन्यातूनही पार होतो. त्याची तरंगलांबी स्फटिकातील अणूंमधील अंतराइतकी असल्यास अणूंच्या थरांवरून तो ठराविक कोनातच वळतो. हेच विवर्तन होय. नमुना टप्प्याटप्प्याने फिरवून वळलेले न्यूट्रॉन मोजले, की कोणत्या दिशेला किती स्फटिक आहेत याचा आलेख मिळतो.

मॉस्कोजवळील दुबना येथे संयुक्त अणुसंशोधन संस्थेने यासाठी खास उपकरणे उभारली. तेथील आयबीआर-२ ही अणुभट्टी दर सेकंदाला ५ स्पंदांत न्यूट्रॉन देण्यासाठी बांधलेली आहे. सुमारे १०० मीटरांच्या मार्गावर वेगवान न्यूट्रॉन आधी व मंद न्यूट्रॉन मागाहून पोचतात. पोचण्याच्या वेळेवरून तरंगलांबी ठरते आणि एकाच खडकातील अनेक खनिजांचा पोत एकाच वेळी मोजता येतो.

कोलाच्या खडकांचा पोत येथे मोजण्यात आला. अशा मोजणीवरून भेगाविरहित खडकातील लहरींचा वेग गणिताने काढता येतो. वर येताना खडकाने गमावलेली साक्ष न्यूट्रॉन अशा रीतीने पुन्हा मिळवून देतात.