लस घेतली, मग तपासणी कशाला?

गेल्या महिन्यात धाकट्या जावेला म्हटलं, "चल, दोघी डॉक्टरीणबाईंकडे तपासून येऊ." पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "ताई, मी लग्नानंतर तिन्ही सुया टोचून घेतल्यात. मला आता कशाला तपासणी?"

मला उत्तर सुचलं नाही. मग डॉक्टरीणबाईंनाच विचारलं.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याचे प्रकार पुष्कळ. शंभरातले सत्तरएक कॅन्सर १६ आणि १८ या दोन प्रकारांचे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही कॅन्सर करणाऱ्या प्रकारांपैकी मुख्यतः त्यांनाच अडवते. बाकीच्यांचं काय? शिवाय विषाणू आधीच शरीरात शिरला असेल तर लस त्याला बाहेर काढत नाही. म्हणून तर ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यायची. जावेने घेतली ती लग्नानंतर! फुकट गेली असं नाही, पण तिच्यावर विसंबून कसं चालेल?

तपासायचं कसं? पॅपमध्ये पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसरीत व्हिनेगरसारखं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहतात. लस घेतलेल्या बाईत खरा दोष विरळाच, त्यामुळे अशा पाहण्यात साध्या सुजेनेही उगाच घाबरगुंडी उडते. तिच्यासाठी आधी एचपीव्हीची तपासणी बरी. विषाणू सापडला तरच पुढची तपासणी. आणि सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं मुळीच नाही. बहुतेकींचा तो आपोआप जातो.

या तपासणीचा मोठा पुरावा आपल्याच धाराशिव जिल्ह्यातला, तेव्हाच्या उस्मानाबादचा. तिथल्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. ऑस्ट्रेलियात तर लस घेतलेली असो वा नसो, डिसेंबर २०१७ पासून दर पाच वर्षांनी हीच तपासणी करतात. आपल्याकडे तिशीपासून सुरू करावी. मात्र संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर कुठल्याही तारखेची वाट पाहू नये.

हे सगळं सांगितल्यावर जाऊ हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला त्या टेबलावर झोपायचीच लाज वाटते." अगं, मग आधी नाही का बोलायचं! या तपासणीचा नमुना काही ठिकाणी आपला आपल्यालाही घेता येतो. तशी सोय जवळ कुठे आहे, ते आता विचारते आहे.