फळीखालची टक्

आठवीत ‘अणूचे अंतरंग’ हा धडा आला की मी मुलांना आधी पुस्तक मिटायला सांगते. त्यातलं चित्र त्यांनी इतक्यात पाहू नये, म्हणून. मध्ये ठिपका, भोवती वर्तुळं, वर्तुळांवर मणी. ते एकदा पाहिलं की अणू म्हणजे हेच असं डोक्यात बसतं आणि ‘हे कळलं कसं?’ असं विचारावंसंच कुणाला वाटत नाही.

आमची सुरुवात फळीपासून होते. दोन फूट लांब-रुंद प्लायवूड, चार कोपऱ्यांना विटांचे तुकडे, त्यामुळे खालून गोटी आरपार जाईल एवढी फट. फळीखाली काय ठेवलंय ते वाकून बघायचं नाही. गोट्या सोडायच्या आणि गोटी कुठून शिरली, कुठून निघाली त्याची रेघ वरच्या कागदावर ओढायची. पहिल्या फळीखाली लाकडी त्रिकोण असतो. पंधरा-वीस गोट्यांत त्याच्या बाजू कागदावर दिसू लागतात आणि मुलं खूश होतात.

दुसऱ्या फळीखाली मात्र मध्यावर एकच जाड खिळा उभा ठोकलेला असतो. गोटी सरळ जाते. पुढचीही सरळ. “बाई, हिच्याखाली काहीच नाही,” असं कुणीतरी पाच मिनिटांत म्हणतंच. मी बोलत नाही. इथे गप्प राहणं शिकायला मला बरीच वर्षं लागली. मग केव्हातरी ‘टक्’ आवाज होतो आणि गोटी सोडणाऱ्याच्याच हाताशी परत येते. सगळा गट त्या रेघेवर ओणवा होतो.

त्या ‘टक्’नंतरच मी मँचेस्टरला जाते. थॉमसन यांचा १९०४ चा अणू मुलं कलिंगड म्हणून लक्षात ठेवतात: धनप्रभार गरासारखा पसरलेला, इलेक्ट्रॉन बियांसारखे. १९०९ मध्ये रुदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पापुद्र्यांवर अल्फा कण सोडले; त्यांत सोन्याचा वर्खही होता. मार्सडेन तेव्हा २० वर्षांचा विद्यार्थी होता. अंधारात डोळे सरावू द्यायचे आणि मग सूक्ष्मदर्शकातून पडद्यावरची एकेक ठिणगी मोजायची, असं ते काम. बहुतेक कण सरळ गेले. सुमारे ८,००० मध्ये एखादा मागे उलटला. त्या एकाचा अर्थ लावून रुदरफोर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रक मांडलं. हे सांगताना अजूनही माझा आवाज थोडा चढतो.

शब्दांचाही एक घोळ असतो. हिंदी व्हिडिओ पाहणारी मुलं ‘परमाणु’ म्हणतात. मराठीत तो अणू. हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवलं नाही तर पुढे संयुगांच्या वेळी फार गोंधळ उडतो.

प्रोटॉन, न्यूट्रॉन, कवचं, सोडियमचं २, ८, १ हे सगळं दोन तासांत होतं, मुलं ते पटकन शिकतात. वेळ लागतो रिकामेपणाला. त्यासाठी मैदानावर जावं लागतं. मध्यावर मोहरीचा एक दाणा ठेवायचा: हे हायड्रोजनचं केंद्रक. त्या मापाने अणूची कड चाळीस-पन्नास मीटरवर येते. एका मुलीला मी तिथे, पार कुंपणाजवळ उभं करते. मधल्या मोकळ्या जागेकडे मुलं बघत राहतात. पुस्तकातल्या चित्रात ठिपका या मापाने काढलेला नसतो, हे कुणी न सांगता त्यांना कळतं.

यंदा वर्गात परतल्यावर एका मुलाने बाकावर तळहात दाबून धरला. “एवढं रिकामं आहे, तर हात आरपार का जात नाही?” हाताचे आणि बाकाचे इलेक्ट्रॉन जवळ आले की एकमेकांना दूर लोटतात, इतकं मी सांगितलं. उरलेलं उत्तर बरंच पुढच्या इयत्तांचं आहे, हेही सांगितलं. त्याने मान हलवली, पण हात उचलला नाही. हळूहळू शेजारच्या बाकांवरही तळवे टेकले.