टायर बदलताय? आधी वर्षाचे किलोमीटर मोजा

गेले काही महिने मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. घरची गाडी आहे, चाळीस-पंचेचाळीस हजार किलोमीटर झालेत, टायर गोटा व्हायला आलेत, आता कुठले टाकू? आणि पुढची ओळ हमखास तीच: "टिकले पण पाहिजेत आणि पावसात ग्रिप पण पाहिजे." म्हणून हा अख्खा भाग टायरवर. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "काय होतं माहितीये का" एवढं वीसेक वेळा काढून टाकलंय.

आधीच सांगतो, मी गॅरेजवाला नाही. बीटेक केलं, आता दिवसभर कोड लिहितो. पण घरी अर्टिगा आहे, आम्ही राहतो पुण्यात, आजोळ चिपळूणला. म्हणजे गणपतीत, भर पावसात, सामान आणि सहा माणसं घेऊन घाट उतरणं ठरलेलं. तिचे टायर बदलायची वेळ आली तेव्हा बाबांचं मत पक्कं होतं: "साठ-सत्तर हजार चालतील असे बघ, परत परत खर्च नको." दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, "बजेट किती?" माझ्या मते दोन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा की आपली गाडी वर्षाला चालते किती?

का, ते समजायला रबराकडे जावं लागेल. टायरची पकड येते कुठून? रस्ता आपल्याला सपाट वाटतो, पण जवळून बघितला तर खडीचे बारीक बारीक उंचवटे असतात. रबर त्या उंचवट्यांवर दाबलं जातं, त्यांच्या आकारात बसतं आणि सुटताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावतं. पकड आली ती यातूनच. रबर जितकं मऊ, तितकं ते खाचाखोचांत नीट बसतं. पण मऊ रबर झिजतंही लवकर. कडक रबर झिजत नाही, पण ओल्या रस्त्यावर घसरतं. यात तिसरा भिडू म्हणजे मायलेज. चाक फिरताना टायर दबतो-सुटतो, त्यात ऊर्जा जाते आणि तेवढं पेट्रोल जास्त लागतं. पकड, आयुष्य, मायलेज: एकाला ओढलं की दुसरा सरकतो. डेटाबेसवाल्यांना इथे कॅप थिअरम आठवेल, आठवू द्या.

ही ओढाताण थोडी सैल झाली ती सिलिकामुळे. आधी रबरात मुख्यतः कार्बन ब्लॅक घालत, टायर काळा दिसतो तो त्यामुळेच. १९९२ मध्ये मिशेलिनने सिलिका वापरून कमी इंधन खाणारा टायर बाजारात आणला, आणि ओल्या रस्त्यावरची पकड फारशी न गमावता मायलेज वाढवता येतं हे दिसलं. आज चांगल्या टायरमध्ये दोन्ही घटक असतात. पण ओढाताण सैल झाली म्हणजे संपली नाही. पुरावा हवा असेल तर कंपन्यांचे कॅटलॉग बघा. सिएट टिकाऊपणासाठी 'मायलेझ' विकते आणि पकडीसाठी 'सिक्युराड्राइव्ह'. गुडइयरचा टिकाऊ तो 'ड्युराप्लस', ओल्यातल्या ब्रेकिंगसाठीचा 'ट्रिपलमॅक्स'. अपोलोकडे 'अमेझर ४जी लाइफ' वेगळा आणि 'अल्नॅक' वेगळा. एकाच टायरमध्ये सगळं बसलं असतं तर त्यांनी दोन-दोन नावं कशाला ठेवली असती?

आता पकड कमी म्हणजे नक्की किती नुकसान? इथे शाळेतलं फिजिक्स कामाला येतं. थांबायचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दुप्पट घर्षणगुणांक गुणिले गुरुत्वाकर्षण. समजा ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षणगुणांक ०.७ आहे आणि दुसऱ्याचा ०.५. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, कुठल्या ब्रँडचे नाहीत. ताशी ८० ने जाताना ब्रेक मारला तर पहिली गाडी साधारण ३६ मीटरमध्ये थांबते, दुसरी ५० मीटरमध्ये. चौदा मीटर ऐकून फार काही वाटत नाही. म्हणून उलटं बघा. पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरी अजून ताशी ४३ किलोमीटर वेगाने पळतेय. पुढे बंद पडलेला ट्रक उभा असेल तर एक गाडी त्याच्या अलीकडे थांबते आणि दुसरी ४३ च्या वेगाने त्यात घुसते. मागच्या सीटवर कोण बसलंय ते आठवा. हा आकडा कागदावर बाबांना दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि पुन्हा मोजायला लावला.

आता वर्षाच्या किलोमीटरकडे येऊ. आमची गाडी वर्षाला नऊ हजारांच्या आसपास चालते. पकडीचा टायर ४५ हजार चालला तरी पाच वर्षं झाली. टिकाऊ टायर जाहिरातीप्रमाणे एक लाख चालला तर? अकरा वर्षं! पण रबराला वयही असतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी ते उभ्या गाडीतही कडक होत जातं, तडे जातात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर कितीही नक्षी शिल्लक असली तरी बदला, असा टायर कंपन्यांचाच सल्ला असतो. म्हणजे कमी चालणाऱ्या घरगुती गाडीत एक लाखवाला टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. जे आयुष्य आपण कधी वापरणारच नाही, त्याच्यासाठी पावसातली पकड सोडून द्यायची! मला हा व्यवहार पटत नाही.

तुमची गाडी वर्षाला चाळीस-पन्नास हजार पळत असेल, टॅक्सी असेल किंवा रोज पुणे-नाशिक असेल, तर हिशेब वेगळा. तिथे टिकाऊ टायर खरोखर झिजेपर्यंत वापरला जातो, तुम्ही तो जरूर घ्या. मात्र पावसाळ्यात वेग खाली आणा.

पैशांचंही बोलून टाकतो, कारण घरात अडतं तिथेच. हिशेबापुरतं धरू: टिकाऊ टायर ५,००० ला एक, चालतो ५० हजार. पकडीचा ६,००० ला एक, चालतो ४० हजार. चार टायरचा खर्च किलोमीटरला पहिल्यात ४० पैसे, दुसऱ्यात ६० पैसे. फरक २० पैशांचा. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवली तर दोन हजार रुपये. दोन हजार कमी नाहीत हे मान्य. पण महिन्याला १६५-१७० रुपये झाले, आणि वरचे चौदा मीटर त्याच पैशांत येतात.

मग दुकानात ओळखायचं कसं? टायरच्या कडेवर सगळं लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही. आमच्या गाडीचं माप १८५/६५ आर १५. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ म्हणजे इंचात रिम. पुढे ८८ एच असेल तर ८८ हा वजनाचा कोड, एका टायरला ५६० किलो. आणि एच हा वेगाचा, ताशी २१० पर्यंत. २१० ने कोण जाणार? कोणी नाही. पण वजनाचा कोड गाडीच्या पुस्तकात दिलाय त्यापेक्षा कमी अजिबात घेऊ नका, सात सीटरमध्ये तर नाहीच. "एक साइज मोठा टाका, रुबाबदार दिसतो" असं दुकानदार म्हणेल. १९५/६५ टाकला तर चाकाचा व्यास दोन टक्क्यांनी वाढतो आणि मीटर १०० दाखवतं तेव्हा गाडी आधीपेक्षा दोन किलोमीटर जास्त वेगात असते. चालेल असं लोक म्हणतात. मी कंपनीचं माप सोडलं नाही.

मग डॉट अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे शोधा. २३२५ असेल तर २०२५ सालातला तेविसावा आठवडा. हा कोड टायरच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे बसवायच्या आधी चारही टायर फिरवून बघा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, एक वर्षापर्यंत मी घेईन, त्यापुढे "स्कीम आहे साहेब" म्हटलं तरी नको.

काही टायरवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेम्परेचर असे तीन शेरे असतात. ही अमेरिकन पद्धत. ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा तितका टायर टिकाऊ, पण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची करा. ट्रॅक्शन मात्र ओल्या पृष्ठभागावर मोजतात: एए सगळ्यात वर, मग ए, बी, सी. तेही फक्त सरळ रेषेतल्या ब्रेकिंगचं आहे, घाटातल्या वळणाचं नाही. आणि फ्रीजसारखे स्टार दिसले तर लक्षात ठेवा, ते इंधन बचतीचे स्टार आहेत, पकडीचे नाहीत. पाच स्टार म्हणजे पावसात भारी, असं समजू नका.

रिव्ह्यू वाचताना माझी एक चाळणी आहे. टायर टाकून महिनाही झालेला नाही आणि "लोण्यासारखी चालते" असं लिहिलंय, तो रिव्ह्यू सोडून द्यायचा. नवा टायर सगळ्यांनाच लोण्यासारखा वाटतो. तुमच्याच मॉडेलची गाडी, दुसरा पावसाळा, वीस हजारांनंतरचं मत, असं काही सापडलं तर ते सोनं.

आता टिकाऊपणाची गोष्ट, कारण बाबांचा मुद्दा काही चुकीचा नव्हता. आयुष्याचा मोठा भाग तुम्ही टायर कसा वापरता त्यावर ठरतो. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा. एकच बाजू खाल्ली जात असेल तर अलाइनमेंट गेलंय. हवेचा योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. हवा टायर थंड असताना मोजायची. पेट्रोल पंपापर्यंत दहा किलोमीटर चालवून मोजली तर आकडा वाढलेलाच दिसणार. नायट्रोजनचं खूळ मला फारसं पटलेलं नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून एकदा प्रेशर तपासणं त्याहून कामाचं.

हवा कमी असण्याचा धोका झिजेपुरता नाही. समृद्धी महामार्गाचं घ्या. ७०१ किलोमीटर, कारला ताशी १२०ची परवानगी, ना सिग्नल ना गाव. टायर फुटले की सगळा दोष काँक्रीटवर टाकणं सोपं आहे. पण हवा कमी असलेल्या टायरची कड प्रत्येक फेरीला जास्त दबते, गरम होते, आणि तासन्‌तास तोच वेग राहिला तर तिला थंड व्हायला वेळच मिळत नाही. त्यात गाडी ठासून भरलेली आणि टायर सात वर्षांचे. गावात अशा टायरवर वर्षं काढता येतात, म्हणून लोकांना वाटतं ठीक आहेत.

कधी बदलायचे? नक्षीच्या खाचेत तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्याची मर्यादा तीच. पण नक्षीचं काम पाणी बाहेर फेकणं. नव्या टायरवर ती सात-आठ मिलिमीटर असते, आणि १.६ वर पोचेपर्यंत ते काम बरंच मंदावलेलं असतं. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगला की स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही नावाला उरतात. मी तीन मिलिमीटरला, आणि शक्यतो जूनच्या आधी, बदलायच्या मताचा आहे.

चारचं बजेट नसेल तर दोन घ्या, पण ते मागे बसवा. यावर दुकानात वाद होतो, कारण इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, पुढचे लवकर झिजतात, म्हणून नवे पुढे असा रिवाज. पण ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बऱ्याचदा सावरते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि ते सावरणं आपल्यासारख्यांचं काम नाही.

बसवताना बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व्ह एकाच वेळी करून घ्या. बिलावर टायरचे सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला ते लागतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा हळू चालवा, नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर निघून जायला तेवढं अंतर लागतं. आणि हो, डिकीतल्या स्टेपनीची तारीख बघितलीत का? आमची गाडीसोबतच आलेली निघाली, एकदाही रस्त्याला न लागलेली, आणि कडेला बारीक तडे.