रेनी आणि अँड्र्यू अजून सापडलेले नाहीत

इनव्हर्नेस, स्कॉटलंड : रत्नागिरीच्या माझ्या माणसांची एक पक्की समजूत आहे. इकडचे पोलिस हरवलेलं माणूस दोन दिवसांत शोधून काढतात. जागोजाग कॅमेरे, कुत्री, हेलिकॉप्टर, मग काय! मी ज्या गावात राहते तिथली एक आई आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा १९७६ पासून सापडलेले नाहीत, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलंय.

१२ नोव्हेंबर १९७६, शुक्रवार. नवऱ्यापासून वेगळी राहणारी छत्तीस वर्षांची रेनी मॅकरे थोरल्या मुलाला त्याच्या वडिलांकडे सोडून धाकट्या अँड्र्यूला घेऊन निघाली. त्याच रात्री ए-९ रस्त्यावर, दालमॅगरीजवळ, तिची निळी बीएमडब्ल्यू पेटलेली दिसली. आत कुणी नव्हतं. डिकीत रक्ताचा डाग मिळाला. अँड्र्यूचा बाप होता विल्यम मॅकडॉवेल, रेनीच्या नवऱ्याच्या कंपनीत हिशेब बघणारा, स्वतः बायकामुलांचा माणूस.

हे सांगितल्यावर आत्याने फोनवर लगेच विचारलं, "म्हणजे तिचं बाहेर काहीतरी होतं तर!" मला संताप आला. आत्याचा आला तेवढाच या गावाचाही आला, कारण इथेही तेव्हा हीच चर्चा होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाई सांगतात, तिचे कपडे, तिची गाडी, तिचं प्रकरण यांवर लोक तासन्‌तास बोलायचे, आणि पोराचं नाव निघालं की गप्प व्हायचे. कोकणात काय वेगळं होतं? बाई मुलांसकट नाहीशी झाली की पहिल्यांदा तिची चालचलणूक तपासायची. ठाण्यात मिसिंगची नोंद करायला गेलेल्या भावालाही हाच प्रश्न. "कुणाबरोबर गेली असेल, येईल परत." हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण समजून गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये बजावून सांगावं लागलं. आईसोबत गेलेल्या मुलाला मात्र लोक हरवलेलं समजतच नाहीत. आईबरोबर आहे ना, मग झालं!

अभिनेत्री लैला खान आठवते? २०११ च्या फेब्रुवारीत ती, तिची आई सेलिना, भावंडं आणि एक चुलत बहीण, अशी सहा माणसं मुंबईतून गायब झाली. वडिलांनी ओशिवरा ठाण्यात तक्रार दिली, आणि तरी इगतपुरीच्या फार्महाऊसमध्ये सांगाडे मिळायला २०१२ चा जुलै उजाडला. सहा माणसं! सेलिनाचा तिसरा नवरा परवेझ टाक याला शिक्षा झाली २०२४ च्या मे महिन्यात.

इकडची कहाणीही शरमेचीच. १९७७ मध्ये एका डिटेक्टिव्ह सार्जंटला दालमॅगरीच्या दगडखाणीत कुजल्याचा वास आला होता, पण तिथलं खोदकाम मध्येच थांबलं. ती खाण पुरती उपसायला २००४ साल यावं लागलं. झाडं तोडली, वीसेक हजार टन माती काढली, आणि हाती लागली सशाची हाडं आणि वेफर्सची पाकिटं. पुढे कलोडनजवळची पाण्याने भरलेली लीनॅक खाण रिकामी केली. तिथेही ते दोघे मिळाले नाहीत.

तरीसुद्धा मला हेवा वाटतो तो इथेच. फाइल कुणी बांधून ठेवली नाही. अधिकारी निवृत्त झाले, काही वारले, नवे आले आणि त्यांनी जुने जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचले. २०१९ मध्ये मॅकडॉवेलवर आरोप ठेवला आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये याच गावात, पंधरा ज्युरींसमोर, मृतदेह नसताना, ऐंशी वर्षांच्या त्या माणसाला दोन्ही खुनांसाठी जन्मठेप झाली. किमान तीस वर्षं. पाच महिन्यांत तो मेला. दोघांना कुठे टाकलं, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या काळात ए-९ नव्याने बांधला जात होता, म्हणून ती दोघं रस्त्याखालीच असतील, असं इथले लोक अजून म्हणतात. दक्षिणेकडे जाताना दालमॅगरी आलं की ओळखीचे लोक गाडीत बोट दाखवून दोघांची नावं घेतात, नव्या पिढीतली मुलंसुद्धा.

सात वर्षं ठावठिकाणा नसला की माणूस मेला असं मानायची मुभा तिकडच्या आणि इकडच्या, दोन्ही कायद्यांत आहे. वारसाहक्कासाठी ती हवीच. पण आमच्याकडे त्या सात वर्षांनंतर तपासही मेला असं धरतात, हे मला मान्य नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्यात वर्षातून एकदा जुन्या मिसिंग नोंदी बाहेर काढाव्यात, त्या घरी माणूस पाठवावा, मुलांची नावं आईच्या नावाखाली न घालता वेगळी लिहावीत. त्याला ना हेलिकॉप्टर लागतं, ना कॅमेरे. पोलिसपाटील गावोगाव असतो. त्याला घर माहीत आहे, आणि त्या घरात कोण अजून वाट बघतंय तेही.