प्रशिक्षण आणि कामगारांचे स्थैर्य

कामगारास शिकविले की तो टिकतो, असे सरसकट मानले जाते. गॅरी बेकर यांनी 1964 साली ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात प्रशिक्षणाचे सामान्य व विशिष्ट असे दोन प्रकार मांडले. ते ध्यानी घेता हा समज अर्धाच खरा ठरतो. नाशिक रोडच्या भारत प्रतिभूति मुद्रणालयात (स्थापना 1925) तिकिटांच्या ठशांचे कोरीव काम शिकलेल्या कारागिराला त्या कसबाचे मोल देणारा दुसरा मालक सहसा मिळत नाही. शेजारचे चलार्थ पत्र मुद्रणालयही सरकारीच. ओझरच्या विमान कारखान्याची गोष्ट निराळी. 1964 साली मिग विमानांसाठी निघालेल्या या कारखान्यात यंत्रकाम शिकलेला हात सातपूर-अंबडच्या कोणत्याही कारखान्यात चालतो. असे सामान्य शिक्षण कामगाराची बाजारातील किंमत वाढविते. वेतन त्या मानाने वाढले नाही, तर त्याला जाण्याची वाटच मोकळी होते.

कायदेकारांनी ही अडचण बेकर यांच्या आधीच ओळखली होती, असे दिसते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 च्या मूळ कलम 22 नुसार करारात सेवेची अट असल्यास उमेदवाराने राहणे आणि मालकाने योग्य नोकरी देणे, दोन्ही बंधनकारक होते. ती मुदत वा वेतन अवाजवी वाटल्यास शिकाऊ उमेदवारी सल्लागारास त्यात बदल करता येई.