चिमणी दाबा, दिवा लावा

खेड्यातले दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना 'चिमणी' म्हटले की दोन गोष्टी आठवतात. एक अंगणात दाणे टिपणारी आणि दुसरी रॉकेलवर जळणारी. ही दुसरी चिमणी रात्री उशाशी असायची. काडेपेटीही तिच्याच शेजारी. कोणी पाण्याला उठले, कोणाचे मूल रडले, तर हात लांबवून उजेड करता येई. पुढे घरात वीज आली. उजेड कितीतरी पटींनी वाढला, पण दिवा लावण्याची सोय मात्र उशाशी राहिली नाही. ती दाराजवळच्या बोर्डावर जाऊन बसली.

दहा बाय बाराच्या खोलीत हे अंतर ते काय, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात आजी खाटेवर आणि बाकीचे सगळे खाली दाटीवाटीने झोपतात, तिथे रात्री दोन वाजता ते अंतर फार मोठे होते. नातवंडांचे हातपाय चुकवायचे, स्टूल चुकवायचे, पाण्याचा हंडा चुकवायचा आणि मग चाचपडत बोर्ड शोधायचा. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघ्यांत दुखणे. म्हातारपणी पाय घसरून खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. घरातल्या एका कमावत्या माणसाचे खाडे होतात आणि औषधपाण्याला हातउसने पैसे घ्यावे लागतात. एवढे सारे कशावरून? तर बटण हाताशी नव्हते म्हणून.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे टू-वे वायरिंग. जिन्यातला दिवा खालून लावता येतो आणि वरून बंद करता येतो, तीच ही पद्धत. घर स्वतःचे असेल आणि वायरिंगचे काम निघालेच असेल, तर खुशाल तीच करून घ्या. तिला सेल लागत नाही आणि ती वर्षानुवर्षे चालते. पण खोली भाड्याची असेल तर घरमालक भिंत फोडू देत नाही. भिंतीवरून उघडी वायर ओढत खाटेपर्यंत नेणे तर त्याहून वाईट. अशा घरांसाठी बिनतारी बटण उपयोगी पडते. तेच बटण शोभेच्या एखाद्या वस्तूत बसवले तर घराची शोभाही वाढते आणि वस्तू कायम जागच्या जागी सापडते. सुटा रिमोट अंथरुणात हरवतो, मुलांच्या खेळण्यात जातो. बैठकीवर पक्की बसवलेली लाकडी चिमणी कुठे हरवत नाही.

तारेविना बटण चालते कसे?

यात जादू काहीच नाही. १८९४-९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये सर्वांसमक्ष एक प्रयोग करून दाखवला. अदृश्य लहरी भिंतींतून आरपार पाठवून त्यांनी पलीकडच्या खोलीतली घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्यावरची छोटी नाव अशाच लहरींनी दुरून चालवून दाखवली. आज बाजारात मिळणारा बिनतारी स्विच हे त्याच विद्येचे स्वस्त रूप आहे.

या स्विचचे दोन भाग असतात. एक रिमोट आणि दुसरा रिसीव्हर. रिमोटचे बटण दाबले की त्यातून ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी निघतात आणि त्यांवर एक सांकेतिक आकडा पाठवला जातो. रिसीव्हर तो आकडा ओळखतो आणि आतला रिले 'टक्' करून दिव्याची वीज जोडतो किंवा तोडतो. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे वापरण्यास आपल्या देशात परवाना लागत नाही.

'शेजाऱ्याच्या रिमोटने आमचा दिवा लागला तर?' असा प्रश्न भगिनींच्या मनात येईल. अशा रिमोटमध्ये सर्रास असणाऱ्या चिपचा आकडा २० बिटांचा असतो, म्हणजे १०,४८,५७६ वेगवेगळे आकडे होऊ शकतात. शेजारी नेमका आपलाच आकडा येण्याची शक्यता नगण्य आहे. मात्र हा आकडा दर वेळी तोच राहतो आणि माहीतगार माणूस तो टिपून पुन्हा पाठवू शकतो. म्हणून हे साधन दिव्यापुरते ठीक आहे. दाराच्या कुलुपासाठी ते वापरू नये.

वस्तू कोणती निवडावी?

लाकूड, बांबू, भाजलेली माती, कागदाचा लगदा, प्लॅस्टिक यांतून रेडिओ लहरी जातात. धातूतून जात नाहीत. मायकेल फॅरेडे यांनी १८३६ साली धातूच्या पिंजऱ्यात स्वतः बसून दाखवून दिले की, बाहेरच्या विजेचा आत परिणाम होत नाही. आपल्या रिमोटचेही तसेच होते. पितळी डब्यात तो बंद केला तर त्याचा आवाज बाहेर पोचणार नाही. म्हणून पितळेची किंवा स्टीलची वस्तू घेऊ नका. लाकडी वस्तूला आतून चांदीचा वर्खी कागद चिकटवू नका. लोखंडी कपाटाच्या आतही ती ठेवू नका.

दुसरी गोष्ट अशी की, ही वस्तू दिवसा डोळ्यांना शोभेची असली तरी रात्री तिचे गिऱ्हाईक हात आहे. अंधारात हाताला ती ओळखता आली पाहिजे. गुळगुळीत चौकोनी डबीपेक्षा चोच आणि शेपटी असलेली चिमणी चटकन कळते. म्हणून येथे लाकडी चिमणीचीच कृती देत आहोत.

साहित्य

रिमोट आणि रिसीव्हरचा एका दिव्याचा तयार संच, लिव्हर असलेला छोटा मायक्रोस्विच, हलकी लाकडी चिमणी, प्लायवूडची चार इंच लांब-रुंद आणि दोन इंच उंच पेटी, तीन मिलिमीटर जाडीची गुळगुळीत बांबूची काडी, बॉलपेनची स्प्रिंग, एक वायसर, वीतभर बारीक वायर, स्क्रू, फेव्हिकॉल. हत्यारांत सोल्डरिंग गन, हातड्रिल आणि मल्टीमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, आणि पुण्यात बुधवार पेठेत असे सामान मिळते. घरातला मुलगा किंवा मुलगी आय.टी.आय.ला तारतंत्री, वीजतंत्री किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात असेल, तर चिमणीचे काम त्यांच्याच हाती द्या. शिकलेले हाताखालून जाईल आणि आजीचा आशीर्वादही मिळेल.

आधी रिसीव्हर

रिसीव्हरला २३० व्होल्टची वीज जोडावी लागते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. चार पैसे वाचवण्यासाठी येथे जिवाशी खेळ नको. वायरमनला पुढील गोष्टी आवर्जून सांगा.

पहिली, रिसीव्हर भिंतीवरच्या जुन्या बटणाच्या पुढे जोडावा. म्हणजे बटणातून आलेला फेज रिसीव्हरमध्ये जाईल आणि तिथून दिव्याला मिळेल. असे केले की जुने बटण बंद केल्यावर सगळेच बंद होते. रिमोट बिघडला तरी वीज तोडण्याची सोय हातात राहते.

दुसरी, रिसीव्हरला फेजबरोबर न्यूट्रलही लागतो. बोर्डावर प्लगची सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथे असतोच. नसेल तर दिव्याच्या होल्डरजवळ रिसीव्हर बसवावा. फेज तोडायचा, न्यूट्रल कधीच नाही.

तिसरी, हा रिसीव्हर फक्त दिव्यासाठी ठेवावा. ९ वॅटचा एलईडी दिवा एका अँपिअरच्या पंचविसाव्या भागाइतकाच प्रवाह घेतो. इस्त्री, गीझर, शेगडी यांचे ओझे त्याच्यावर टाकू नये.

चौथी, मेन बोर्डाजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर त्याच खेपेला बसवून घ्यावा. प्रवाह माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागला की तो क्षणार्धात वीज तोडतो.

रिसीव्हर बसला की माहितीपत्रकाप्रमाणे रिमोटची ओळख करून द्या. रिसीव्हर 'टॉगल' पद्धतीवर ठेवा. म्हणजे एकदा दाबले की दिवा लागेल, पुन्हा दाबले की विझेल. रिमोट अखंड असतानाच खोलीच्या चारही कोपऱ्यांतून तपासून घ्या. मेन स्विच बंद करून पुन्हा लावा आणि वीज परत आल्यावर दिवा आपोआप लागतो की विझलेलाच राहतो, तेही पाहून ठेवा. सगळे ठीक चालले, तरच पुढच्या कामाला लागा.

मग चिमणी

रिमोट उघडा आणि सर्वांत आधी सेल काढा. आत बटणाखाली चार पायांचा चिमुकला स्विच दिसेल. मल्टीमीटर लावून, बटण दाबल्यावरच जोडले जाणारे दोन पाय शोधा. बहुधा ते समोरासमोरच्या कोपऱ्यांतले असतात. त्या दोन पायांना दोन बारीक वायरी सोल्डर करा. मायक्रोस्विचला तीन पाय असतात. त्यांतला 'कॉमन' आणि 'नॉर्मली ओपन' हे दोनच घ्या आणि रिमोटच्या वायरी त्यांना जोडा. तिसरा पाय मोकळा राहील. आता लिव्हर दाबणे म्हणजे रिमोटचे बटण दाबणे. येथे फक्त सेलची वीज आहे, झटक्याची भीती नाही.

पेटीच्या झाकणाला मधोमध काडी सैलसर जाईल एवढे भोक पाडा. काडीचे वरचे टोक चिमणीच्या पोटाला फेव्हिकॉलने पक्के चिकटवा. काडीत स्प्रिंग ओवा आणि काडी झाकणातून खाली सोडा. स्प्रिंग चिमणी आणि झाकण यांच्यामध्ये राहील. झाकणाखाली आलेल्या काडीला वायसर चिकटवा, म्हणजे चिमणी वर ओढली तरी निघणार नाही. रात्रभर वाळू द्या. नंतर मायक्रोस्विच आत अशा बेताने स्क्रूने बसवा की, काडीचे टोक लिव्हरपासून मिलिमीटरभर वर राहील. चिमणी हलकेच दाबली की 'टक्' वाजले पाहिजे आणि हात काढताच ती वर आली पाहिजे. चिमणी आपल्याच वजनाने खाली बसत असेल, तर जरा जाड तारेची स्प्रिंग घ्या. नाहीतर रिमोट सतत बोलत राहील आणि सेल दोन दिवसांत संपेल.

रिमोटची पट्टी पेटीत चिकटवा, सेल घाला, तळाची फळी चार स्क्रूने बंद करा. पेटी खाटेजवळच्या फळीवर स्क्रूने किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पक्की बसवा. सरकणारी चिमणी अंधारात सापडत नाही.

सेलचा धोका विसरू नका

काही रिमोटमध्ये पैशासारखा चपटा, २० मिलिमीटर व्यासाचा सेल असतो. मातांनो, हा सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर लाळेतून प्रवाह वाहू लागतो. त्यातून तयार होणारा दाहक क्षार दोन तासांच्या आत आतली त्वचा जाळतो. रिमोटचा सेल गिळल्याने एका चिमुरडीचा मृत्यू झाल्यावर अमेरिकेत २०२२ साली खास कायदा करण्यात आला आणि सेलची झाकणे मुलांना उघडता येणार नाहीत अशी करणे बंधनकारक झाले. म्हणूनच आपल्या पेटीचा तळ नुसता चिकटवायचा नाही, तर स्क्रूने बंद करायचा. जुना सेल इकडेतिकडे टाकू नका. त्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला, तरी उलटी काढण्याच्या फंदात न पडता तडक मोठे रुग्णालय गाठा.

सेल नकोच असेल तर बिनसेलचे 'कायनेटिक' स्विचही आता मिळतात. बटण दाबताना आतले लोहचुंबक वेटोळ्याजवळ हलते आणि बोटाच्या जोरातूनच एका संदेशापुरती वीज तयार होते. मात्र त्यांचा रिमोट आणि रिसीव्हर एकाच संचातला घ्यावा लागतो.

खर्च आणि शेवटचे दोन शब्द

रिसीव्हर दिवसरात्र जागा असतो. तो अर्धा वॅट घेतो असे धरले, तर वर्षाचे सुमारे साडेचार युनिट होतात. एका म्हाताऱ्या माणसाचा पाय शाबूत राखण्यासाठी ही किंमत जड नाही.

बटण लपलेले असले तरी ते घरच्यांपासून लपलेले असू नये. पाहुणे आले, मुले सासर-माहेरहून आली, तर त्यांनाही चिमणी दाखवून ठेवा. आजीला डोळे मिटून पाच-दहा वेळा ती दाबायला लावा, म्हणजे हाताला सवय होईल. सहा महिन्यांनी सेल तपासण्याचे काम घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाकडे सोपवा.

घरात वीज कोणाच्या नावावर आहे हे बिलावर लिहिलेले असते. पण उजेड कोणाच्या हातात आहे, हे बोर्ड कुठे आहे त्यावरून ठरते. तो चालत्या-फिरत्या माणसाच्या सोयीने दाराशी लावला जातो. जी बाई अंथरुणावर आहे, ज्याचा पाय अधू आहे, ज्या म्हातारीला दिसत नाही, त्यांना प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते. मध्यरात्री झोपलेल्या सुनेला उठवायला नको म्हणून कित्येक सासवा अंधारातच उठतात. त्यांच्या उशाशी ही चिमणी बसवा. हाक न मारता दिवा लावता येणे, हेही मोठे स्वातंत्र्य आहे.