भाव, नियम आणि खोकड

खोकडाचं कातडं पोट चिरून काढत नाहीत. मागच्या पायांच्या आतून चीर देतात आणि उशीचा अभ्रा उलटा करावा तसं ते सबंध, नळीसारखं, नाकापर्यंत सोलत आणतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांमधल्या एका शेडमध्ये हे काम मी जवळून पाहिलं. जनावर होतं रेड फॉक्स, म्हणजे आपल्या माळावरच्या खोकडाचा थोराड, तांबडा भाऊबंद. सोलणारा गृहस्थ सत्तरीचा. डोळ्यांच्या आणि कानांच्या कडेशी आला की त्याचा हात मंदावायचा, कारण तिथे सुरी घसरली की भाव उतरतो. मग चरबी खरवडायची, कातडं निमुळत्या फळीवर उलटं ताणायचं आणि जरा सुकलं की केस बाहेर येतील असं सुलटं करून वाळत घालायचं.

त्याने कातड्याची आतली बाजू दाखवली. थंडी मुरल्यावरचं कातडं आतून पांढरट असतं. त्याआधीचं निळसर, कारण नवे केस तेव्हा कातडीतच वाढत असतात. निळ्या कातड्याला चांगला भाव नाही. इथला हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि जानेवारीअखेर मिटतो. तो उघडेपर्यंत वसंतातली पिल्लं आपलं आपण पोट भरू लागलेली असतात, आणि पुढची वीण बिळात असते तेव्हा सापळे उचललेले असतात. प्रत्येक सापळ्यावर मालकाच्या नावपत्त्याची धातूची पट्टी लागते, आणि जमिनीवरचा सापळा चोवीस तासांत तपासावाच लागतो. त्यामुळे हा गृहस्थ हिमवर्षावातही पहाटे फेरीला निघतो.

कधी धरायचं आणि कसं धरायचं, हे नियम सांगतात. किती धरायचं याला मात्र मर्यादा नाही. ती मर्यादा आजवर बाजारच घालत आला आहे.

1960 च्या दशकात एका कातड्याचे जेमतेम काही डॉलर मिळत. पुढे लांब केसांच्या फरची फॅशन आली आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस चांगलं कातडं पन्नास डॉलरांच्या वर गेलं. शाळकरी पोरंसुद्धा वर्ग भरण्याआधी सापळ्यांची फेरी मारून येत, असं या गृहस्थाने सांगितलं. 1980 च्या दशकाच्या शेवटी बाजार कोसळला. आता कातड्याच्या पैशांत गाडीचं इंधनही धड सुटत नाही, सापळे लावणारेही थोडेच उरलेत.

मग खोकडं वाढायला हवी होती. आयोवात ती उलट कमी झाली आहेत. कायोटी नावाचा लांडग्याच्या कुळातला प्राणी वाढला. तो खोकडांना आपल्या हद्दीतून हुसकावतो, सापडलं तर मारतो. त्यात खरजेची साथ येते. किडे कातडीत शिरतात, केस झडतात आणि ऐन थंडीत जनावर गारठून, उपासमारीने मरतं.

नुसती शिकार थांबली म्हणून संख्या वाढतेच असं नाही, हे ब्रिटनमध्येही दिसलं. 2001 मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे तिथे शिकारी कुत्र्यांसह होणारी खोकडांची शिकार सुमारे दहा महिने बंद होती. संशोधकांनी आधी आणि नंतर त्याच जागी विष्ठेच्या खुणा मोजल्या. खोकडं वाढल्याचं दिसलं नाही. 2002 मध्ये ‘नेचर’मध्ये ते निष्कर्ष छापून आले.

यावरून शिकारीचा परिणाम होतच नाही, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. भरल्या रानातून काही खोकडं गेली तर त्यांची जागा दुसरी घेतात, कारण शरद ऋतूत तरुण खोकडं नवी हद्द शोधत दूरवर भटकतात. कायोटी आणि खरूज यांनी आधीच विरळ केलेल्या रानात जागा घ्यायला येणार कोण? अशा वेळी भाव पुन्हा पन्नास डॉलरांवर गेला, तर हंगामाची तारीख कितीही काटेकोर पाळली तरी ती पुरणार नाही.

आयोवात मोजणीची सोय आहे. धनुष्यबाणाने हरणांची शिकार करणारे लोक किती तास बसले आणि कोणते प्राणी दिसले याची नोंद देतात, आणि राज्याचं वन्यजीव खातं तिच्यावरून कल बघतं. खोकडांच्या संख्येची मर्यादा या नोंदींवरून ठरायला हवी. आणि ती आजच ठरायला हवी, कारण भाव पडलेला असताना तिला विरोध करणारे थोडे असतात. भाव चढल्यावर तीच मर्यादा लोकांच्या गळी उतरवणं फार अवघड जाईल.